हारापुरती कडी

सुर्वेकाकांबरोबर कुठे जायचं म्हणजे वेळेवर पोचायची आशा सोडून निघायचं. लग्नाला गेलो तर सगळे मांडवात आणि काका मांडवामागे जनरेटरपाशी. दवाखान्यात नंबर पुकारला जातोय आणि काका लिफ्टचं दार कसं मिटतं ते बघत उभे. माझ्या भाचीच्या सासरी पहिल्यांदाच गेलो, तर यजमान हात जोडून दारात उभे असताना हे गृहस्थ त्यांचं लोखंडी फाटक तीनदा उघडून मिटून पाहत होते. मग मान डोलावून त्यांनी विचारलं, "कोणी केलंय?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. चकलीचा सोऱ्या नीट चालला, पंख्याचा आवाज आला नाही, देवळातली घंटा हाताला हलकी लागली, की आलाच. समोरचा बहुतेक वेळा सांगायचा, "बाजारातून आणलंय." त्यावर काका म्हणायचे, "बाजार काही करत नाही. कोणीतरी केलंय." फाटकवाल्या व्याह्यांनी बिचाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी चौकशी करून शहरातल्या वाडी भागातल्या एका लोहाराचं नाव फोनवर कळवलं. काका त्याला भेटून आले. काम नव्हतं काही. नुसतं "फाटक छान झालंय" एवढं सांगायला छाणीहून वाडीत गेले होते.

छाणीला आमच्या सोसायटीत त्यांचं घर आमच्या घराला लागून. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून ते मला बाई म्हणत. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असूनही शेवटपर्यंत बाईच म्हणाले. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात दरबारात दफ्तरदार, वडील संस्कृतचे शिक्षक, आणि यशवंत सुर्वे नंदेसरीच्या एका रसायनाच्या कारखान्यात फिटर. घराण्याची माहिती सांगताना नातेवाईक शेवटच्या पायरीवर आवाज जरा खाली आणायचे. काका तिथेच वर चढवायचे. "फिटर," ते म्हणत, "म्हणजे जे बसत नाही ते बसवणारा."

खिशात खडू असायचा. पेन नाही, खडू. काही समजावून सांगायचं झालं की बसल्या जागी फरशीवर चित्र सुरू. सुमनकाकूंनी चाळीस वर्षं ती फरशी पुसली आणि चाळीस वर्षं त्याबद्दल बोलल्या. दुसरी सवय म्हणजे कुठलीही मोटर दिसली की हाताची मागची बाजू तिला लावून पाहायची, लहान मुलाचा ताप बघतात तशी. आमच्या मिक्सरचा ताप त्यांनी इतक्या वेळा पाहिलाय की मीही आता तशीच बघते, आणि घरचे हसतात.

कारखान्यात असताना एक गोष्ट घडली. ती त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली, आणि सांगताना खडू हातात घेतला नाही. गाळ साठवायची जमिनीखालची टाकी होती. ती साफ करायला रमण नावाचा माणूस आत उतरला आणि आतल्या वायूने तिथेच कोसळला. वर झाकणापाशी दोर धरून काका उभे होते. दोर दोनदा हलला, मग हलला नाही. "ओढून वर काढेपर्यंत संपलं होतं, बाई," ते म्हणाले. "आणि दोर चांगला होता. कप्पी चांगली होती. मीच बसवली होती. माणूस आत घालायलाच नको होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यापण नाही."

निवृत्त झाल्यावर लोक गावाला जातात, नातवंडं खेळवतात. काकांनी मिळालेल्या पैशातून छाणीतच पत्र्याची एक शेड घेतली. सहा वर्षं तिथे ठोकाठोक चालली होती. गटाराचं किंवा टाकीचं तोंड अरुंद असतं आणि आत पोट मोठं. यंत्र तोंडातून जाईल एवढं लहान केलं तर कोपऱ्यातला गाळ निघत नाही, आणि मोठं केलं तर आत जात नाही. माणूस उतरवतात तो या कोपऱ्यांसाठीच. काकांनी केलं ते असं: तोंडावर तिवई उभी राहते, तारेवरून एक लोखंडी पंजा मिटलेला खाली जातो, आत गेला की मनगटातून आडवा वळतो, कोपऱ्यातला गाळ मुठीत धरतो आणि पुन्हा मिटून वर येतो. माणूस वरच, जमिनीवर, उन्हात. हे मनगट कुठून सुचलं असं कोणी विचारलं की काका सांगत, काकू लोणच्याच्या बरणीत हात घालून तळची फोड काढत होत्या, ते बघून. काकू म्हणायच्या, "माझ्या घरात बरणीत हात घालत नाहीत. चमचा असतो." हा वाद काही मिटला नाही.

पेटंटच्या अर्जाचं इंग्रजी मी लिहिलं, म्हणून या सगळ्यात माझा शिरकाव. शोध लावणाऱ्याचं नाव या रकान्यापाशी आमचं अडलं. काका म्हणाले, दोन नावं लिहा, यशवंत सुर्वे आणि रमण परमार. वकील होत्या पारुलबेन. त्यांनी समजावलं की ज्याने यंत्र बनवायला हात लावला नाही त्याचं नाव कायद्याने टाकता येत नाही. काका दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "एक लिहा. पण बाई, तुम्हाला माहीत आहे ने?" मी म्हटलं, माहीत आहे.

आता त्या कडीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दसऱ्याला काका शेडमधल्या प्रत्येक हत्याराला हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घालत. एका वर्षी यंत्राच्या फिरवायच्या मुठीला घातलेला हार कोणीतरी मूठ फिरवल्यावर दातेचक्रात गेला, आणि ऐन सणाला काका चिमट्याने पाकळ्या वेचत बसले. पुढच्या दसऱ्याच्या आत त्यांनी तिवईच्या आडव्या पट्टीला, डाव्या अंगाला, बारीक सळीची एक कडी वेल्डिंग करून टाकली. करंगळी जाईल एवढी. हार घालायला. तेव्हापासून त्यांच्या हातून निघालेल्या प्रत्येक वस्तूला ती असायची, काकूंच्या शिवणयंत्राच्या टेबलालासुद्धा.

पेटंट मिळालं आणि एका सरकारी खात्याचे लोक शेडवर आले. यंत्र त्यांना आवडलं, चाचणीसाठी तीन महिने घेऊन गेले आणि परत आणून दिलं. "कळवू," म्हणाले. वर्ष उलटलं तरी काही कळवलं नाही.

मग एका सकाळी मी आणि काका वाडीत गेलो होतो, काकूंचं तांब्याचं पातेलं कल्हईला द्यायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी एका गटारावर पिवळ्या रंगाचं यंत्र उभं होतं. तिवई, तार, आणि आडवा वळणारा पंजा. काका पातेलं माझ्या हातात देऊन पुढे गेले. मोटरला हाताची मागची बाजू लावली. डाव्या अंगाच्या कडीत करंगळी घालून पाहिली. मग चालवणाऱ्याला विचारलं, "कोणी केलंय?"

"सरकारी छे, काका," तो गुजरातीत म्हणाला. "आवी तो घणी छे." अशी तर पुष्कळ आहेत.

मला वाटलं होतं आता भडका उडणार. पण परत येताना स्कूटरवर मागे बसून हा माणूस लहान मुलासारखा खुशीत होता. "पुष्कळ आहेत म्हणाला, बाई. वळतो पण छान. माझ्यापेक्षा मोटर चांगली लावलीये." घरी येऊन फरशीवर काकूंना पिवळं यंत्र काढून दाखवलं. पातेलं कल्हईला द्यायचं राहूनच गेलं होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

राग मला आला होता. न विचारता, न सांगता खात्याने तसंच यंत्र केलं म्हणजे काय? पारुलबेनकडे गेलो. त्यांनी सांगितलं, लोकांच्या कामासाठी सरकार कोणाचंही पेटंटचं यंत्र वापरू शकतं, परवानगीसाठी अडून बसावं लागत नाही. मात्र वापरलं की शोधणाऱ्याला कळवायचं आणि योग्य तो मोबदला द्यायचा. काकांना हा कायदा एकदम पटला. "बराबर आहे. गटारं तुंबलीत, माणसं मरतायत, आणि मी सही देत नाही म्हणून बसू काय? वापरा. फक्त मला सांगा." तसंच साधं पत्र मी खात्याला लिहिलं: आमचं यंत्र आपण वापरता आहात असं दिसतं, आनंद झाला, कृपया कळवावं.

उत्तर आलं. दोन ओळींचं. सदर यंत्र खात्याच्या तांत्रिक शाखेने स्वतः विकसित केलेलं आहे.

ते पत्र काकांनी मला तीनदा वाचायला लावलं. खडू काढला नाही, घरी निघून गेले. काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की जेवले नाहीत. आयुष्यभर जो माणूस दुसऱ्याच्या फाटकाखाली कोणाचं नाव आहे ते शोधत फिरला, त्याच्या यंत्राखालून त्याचंच नाव कोणीतरी काढून घेतलं होतं. आणि त्या नावाच्या आड जे दुसरं नाव होतं, रमणचं, तेही गेलं होतं. चार दिवसांनी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, मला मोबदला पाहिजे. थोडा द्या, पण मोबदला म्हणून द्या. मी केलंय असं त्यांच्या हातून लिहून पाहिजे."

पुढची अडीच वर्षं अर्ज, स्मरणपत्रं, त्यांची उत्तरं. काकांनी एकदाही आवाज चढवला नाही. मधेच खात्याकडून एक गृहस्थ घरी आले. अगदी नम्र. म्हणाले, मोबदल्याचं प्रकरण किचकट असतं, तुमचं वय झालं, त्यापेक्षा आपण तुमचा सत्कार करू. मोठा कार्यक्रम, शाल, श्रीफळ, मानपत्र, फोटो पेपरात. मी आतून चहा आणत होते. खरं सांगते, मला ते बरं वाटलं. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा शाल काय वाईट?

काकांनी त्यांना आधी चहा पाजला. मग म्हणाले, "साहेब, शाल पाहुण्याला देतात. मी पाहुणा नाही. तुम्ही माझ्या घरात राहताय. घरमालकाला शाल देतात का?"

गृहस्थ हसले आणि गेले. काकू आतून म्हणाल्या, "घ्यायची होती. थंडीत उपयोगी पडली असती." काका म्हणाले, "तुला दुसरी आणतो." आणली, त्याच संध्याकाळी, मंगळबाजारातून. काकू ती अजून वापरतात.

शेवटी प्रकरण न्यायालयात जायच्या आधी एकदा समोरासमोर बसा, असं पारुलबेननी जमवून आणलं. खात्याच्याच एका यार्डात बैठक ठरली. त्यांचे मुख्य इंजिनिअर होते, दोन मदतनीस, नकाशांची भेंडोळी, आणि मधोमध एक पिवळं यंत्र. फाईल सांभाळायला मी. इंजिनिअरसाहेब वाईट माणूस नव्हते. नवीन बदलून आले होते आणि खालच्यांनी जे सांगितलं तेच सांगत होते: असा पंजा कोणालाही सुचू शकतो, आमच्या मुलांनी कागदावर शून्यापासून काढलाय. त्यांनी नकाशा पसरला. एकेक भागाला आकडा आणि बाजूला त्याचं नाव.

काका चष्मा वर करून बराच वेळ वाचत होते. मग एका आकड्यावर बोट ठेवलं. "ही डाव्या अंगाची कडी. ही कशासाठी?"

मदतनिसाने वाचून दाखवलं. यंत्र उचलण्याची कडी.

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं आता हसतील, मला तर हसू आवरत नव्हतं. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी विचारलं, "कोणी उचललंय इथून आजपर्यंत?" कोणालाच नक्की सांगता येईना. "मग आता उचला. सगळे लांब व्हा. लांब, अजून लांब."

यार्डात चेनपुली होतीच. त्या कडीत हुकाचं टोक अडकवलं आणि साखळी ओढायला घेतली. यंत्र जेमतेम वीतभर वर आलं, एका बाजूला कलंडलं, आणि कडी तारेसारखी सरळ होऊन हूक सुटला. धप्पकन आवाज झाला. धूळ उडाली.

काकांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून एक फोटो. छाणीची शेड, दसरा, पहिलं यंत्र, तिवईच्या डाव्या अंगाच्या कडीत झेंडूचा भला मोठा हार, आणि शेजारी उभ्या काकू, कंटाळलेल्या. "साहेब, ही हारासाठी आहे," ते म्हणाले. "सायकलच्या आऱ्याएवढी सळी आहे. तुमच्या मुलांनी शून्यापासून काढलं असतं तर ही कशाला काढली असती? पण ते जाऊ द्या. मोबदल्याचं नंतर बघू. आधी या नकाशातला हा शब्द खोडा. उद्या कोणीतरी भरवशाने इथून उचलेल आणि खाली माणूस असेल. अजून एक माणूस माझ्या यंत्राखाली नको."

इंजिनिअरसाहेबांनी फोटो हातात घेतला. फोटो बघितला, वाकलेली कडी बघितली, मग आपल्या मदतनिसांकडे बघितलं. ते दोघे जमीन बघत होते. साहेबांनी खिशातलं पेन काढून नकाशावरचा तो शब्द तिथेच खोडला आणि खुर्ची काकांच्या बाजूला ओढून बसले. "बेसो, काका," म्हणाले. "हवे पहेलेथी कहो." बसा, आता पहिल्यापासून सांगा.

मी कित्येक बक्षीससमारंभ पाहिलेत, शाळेत असताना तर दरवर्षी. पण त्या दिवशी धुळीत बसून, यार्डाच्या जमिनीवर खडूने मनगट काढून दाखवणाऱ्या आमच्या काकांना बघताना जसा ऊर भरून आला तसा कधी आला नाही. सरकारची तीन माणसं उकिडवी बसून ते चित्र बघत होती.

पत्र यायला आणखी पाच महिने लागले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: श्री. यशवंत सुर्वे यांनी शोधलेल्या यंत्राच्या सरकारी वापराबद्दल मोबदला. आकडा किती होता ते मी वाचलं तेव्हा काकांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "वरची ओळ परत वाचा." पत्राला सुधारलेला नकाशा जोडला होता. उचलण्यासाठी दोन नवे भक्कम हूक योग्य जागी आले होते. डाव्या अंगाची कडी मात्र साहेबांनी काढली नव्हती. तिच्यापुढे लिहिलं होतं, हारासाठी, वजन उचलू नये. सरकारी कागदावर असं काही लिहिलेलं मी दुसऱ्यांदा पाहीन असं वाटत नाही.

चेक बँकेत टाकायचं काम काकूंनी केलं. काका पत्राची प्रत घेऊन नंदेसरीकडे गेले, रमणच्या बायकोकडे, शारदाबेनकडे. मला बरोबर नेलं, कारण वाचून दाखवायला बाई लागतेच. शारदाबेननी सगळं शांतपणे ऐकलं. नाव त्यात रमणचं नव्हतं, हे काकांनी आपणहून सांगितलं, अपराध्यासारखं. त्या म्हणाल्या, "नाम तो ठीक. हवे कोई अंदर नथी ऊतरतुं ने?" नावाचं राहू दे, आता तरी कोणी आत उतरत नाही ना?

काकांनी खोटं सांगितलं नाही. जिथे यंत्र आहे तिथे नाही उतरत, म्हणाले. जिथे नाही तिथे अजून उतरतात. शारदाबेननी मान हलवली आणि आम्हाला जेवूनच जायला लावलं.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. आजारपण थोडं होतं, काकूंच्या शब्दांत, लोकांना फार दिवस उभं ठेवलं नाही. पण मला ते आठवतात ते त्याच्या आधीच्या दसऱ्याचे.

शेडमधली पूजा आटोपून ते म्हणाले, चला बाई, जरा चक्कर मारून येऊ. छाणी जकातनाक्याच्या पुढे सफाई खात्याचं आवार आहे, तिथे सणाच्या दिवशी पिवळी यंत्रं धुऊन ओळीने उभी केली होती. साठीला आलेला एक कामगार झेंडूचा हार घेऊन एका यंत्राभोवती फिरत होता. मुठीला लावून पाहिला, काढला. तारेला लावायला गेला, थांबला. मग त्याला डाव्या अंगाची कडी दिसली. त्याने हार तिच्यात ओवला, गाठ मारली, दोन पावलं मागे होऊन बघितलं. हार बरोबर मधोमध लोंबत होता, चक्रापासून लांब.

आम्ही फाटकापाशी उभे होतो. तो आमच्याकडे बघून म्हणाला, "जुओ काका, हार माटे पण जग्या राखी छे. कोणे बनाव्युं हशे?" बघा, हारासाठीसुद्धा जागा ठेवलीये, कोणी केलं असेल?

मी काकांकडे पाहिलं. आता सांगतील असं वाटलं; त्यासाठी तर एवढी वर्षं घालवली होती. पत्राची प्रत तेव्हाही त्यांच्या पाकिटात होती, मला माहीत होतं. काका आत गेले, वाकले, मोटरला हाताची मागची बाजू लावून पाहिली.

"छे एक जण," ते त्याला म्हणाले. "छाणीमां रहे छे." आहे एक जण, छाणीत राहतो.

"मळो तो कहेजो," तो म्हणाला, "सारुं बनाव्युं छे." भेटला तर सांगा, छान केलंय.

"कहीश," सांगेन, काका म्हणाले, आणि मला घेऊन घरी आले. घरात शिरल्या शिरल्या काकूंना हाक मारली, समोर बसवलं आणि खडू काढला.